मुद्रांक, नोंदणी आणि इतर

ता. ३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घेणं जड जात असेल तर ते बाजूला ठेव आणि पुढचं वाच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, दात स्वतःचे आहेत, पेन्शन वेळेवर येते. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. भाची कॉलेजात गेली असेल. जावईबापू अजून परांचीवर चढून लोकांच्या भिंती रंगवतात, की खाली उभं राहून दुसऱ्यांना सूचना देण्याइतकी प्रगती झाली? हे कुत्सितपणे विचारलेलं नाही. थोडंसंच.

पत्राचं कारण सांगते. मी घर घेतलंय. नवं कोरं, तिसऱ्या मजल्यावर, दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी म्हणून एक फळी, जिच्यावर मी आडवी उभी राहिले तर मावते. इथल्या घरमालकीणबाई नोव्हेंबरअखेर जागा रिकामी करा म्हणून मागे लागल्या आहेत. त्यांना पुतणीला पार्लर काढून द्यायचंय. नऊ वर्षं त्यांच्या गळक्या नळाखाली बादली लावून काढली आणि आता मी लोकांच्या भुवयांच्या आड येते.

तेहेतीस वर्षं दस्त नोंदणीच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे बसले, त्यामुळे घर घेणारी माणसं मला आतून-बाहेरून पाठ आहेत. घराची किंमत म्हणजेच घराचा खर्च, असं समजून ती येतात. नवे कपडे, बरोबर मिठाईचा डबा. मुद्रांक शुल्काचा आकडा सांगितला की हातातल्या डब्याचं झाकण परत बसायचं. नोंदणीची फी सांगितली की डबा पिशवीत जायचा. "मॅडम, हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला." तुम्ही विचारलं होतं का? त्यातले निम्मे तर दस्त न वाचताच सह्या करत. शेवटच्या पानावर बोट ठेवून "इथंच ना?" एवढंच विचारत. असल्या लोकांबद्दल माझं काय मत आहे ते तुला ठाऊक आहे.

मी मात्र नीट बघून घेतलं. बिल्डरच्या ऑफिसात घर विकायला एक मुलगी बसते. तिला मी मनात पोपटीण नाव ठेवलंय, कारण ठरलेली वाक्यं सोडून तिला काही येत नाही. तिने मला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला नेलं. एकाही खोलीला दार नाही, म्हणजे खोल्या ऐसपैस दिसतात. टेबलावर प्लास्टिकची फळं. पलंग बघून मला संशय आला, म्हणून चपला काढून सरळ आडवी झाले. पावलं वीतभर बाहेर!

"मॅडम, तो डिस्प्लेचा आहे," पोपटीण म्हणाली.

"आणि राहणारी माणसं? तीही डिस्प्लेचीच आणायची का?"

आमच्या मागे एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा-बायको दोघंही त्या भिंतीवरून हात फिरवत होती. त्यांनी त्याच संध्याकाळी बुकिंग केलं. मी चार दिवस घेतले, सगळे नकाशे तपासले, आणि मग केलं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं आणि खिडकीसमोर दुसऱ्या कुणाची भिंत नाही, ही दोन कारणं. बाकी सगळं टाकाऊ आहे.

आता तुझ्याकडे काम. ज्याच्या नावावर आजवर कधीच घर नव्हतं, असा माणूस दस्तात पहिल्या नावाने असेल तर मुद्रांक शुल्क निम्मं होतं. माझ्या नावावर एकदा घर चढलेलं असल्यामुळे मला ती सवलत नाही. तुला आहे. तेव्हा तुझं नाव पहिलं आणि माझं दुसरं घातलंय. हा निव्वळ कागदोपत्री मामला आहे, तुला एक पैसा पडणार नाही. सोबतच्या कागदांवर खुणा केल्यात तिथे सह्या करून पाठव आणि नोंदणीच्या दिवशी एक चक्कर मार. सगळ्यात खाली एक ठरावीक नमुन्याचा कागद आहे, त्यावरही कर. वाचत बसू नकोस, भाषा किचकट असते.

आपलं शेवटचं बोलणं कशावरून झालं ते मला आता आठवत नाही. तूही ते डोक्यात ठेवलं नसशील.

तुझी,
ताई


ता. १९ ऑक्टोबर

धाकटे,

कागद परत मिळाले. नुसते कागदच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, मेलीस की जगलीस विचारलेलं नाही. एकावरही सही नाही. फक्त शेवटच्या कागदावर एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलंस. 'प्रेमापोटी.'

तू कधीपासून कागद वाचायला लागलीस?

बरं, विचारलंस तर सांगते. ते हक्कसोडपत्र आहे. दस्तात तुझं नाव लागलं की कायद्याने अर्धं घर तुझं होतं, आणि त्या कागदाने तो अर्धा भाग तू मला सोडून देतेस. तारीख मी नंतर घालणार होते. यात लपवाछपवी काही नाही, मी फक्त सांगितलं नव्हतं. आणि 'प्रेमापोटी' म्हणशील तर तो शब्द माझा नव्हे. 'कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी व राजीखुशीने' असं छापील नमुन्यात मी नोकरीला लागले तेव्हापासून आहे. एकमेकांची डोकी फोडून, टाके घालून आलेले भाऊ मी पाहिलेत. त्यांच्याही कागदावर प्रेमापोटीच! दुसरा शब्द छापलेलाच नाही. तेव्हा त्यावर पेन्सिल झिजवू नकोस.

मघाशी बिल्डरच्या ऑफिसातून आले ती डोकं फिरवूनच आले. पोपटीणने हसत हसत एक पान पुढे सरकवलं. "मॅडम, ताब्याआधी एवढं क्लिअर करायचंय." काय आहे म्हणून बघते तर दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ. विजेच्या मीटरचे वेगळे, पाण्याच्या जोडणीचे वेगळे. सोसायटी स्थापन करण्याचा खर्च, जी सोसायटी अजून जन्मायची आहे. वकिलाची फी, म्हणजे वकील त्यांचा, मजकूर त्यांचा, आणि पैसे माझे. आणि सगळ्यात खाली 'इतर'. त्यापुढचा आकडा मीटरच्या आकड्यापेक्षा मोठा.

"इतर म्हणजे काय?" मी विचारलं.

"मॅडम, ते सगळ्यांनाच असतं."

"मरणसुद्धा सगळ्यांनाच असतं. त्याचेही आगाऊ घेणार का?"

तिने आत जाऊन बिल्डरला बोलावलं. पांढरे बूट, पांढरा शर्ट, मनगटात जाडजूड कडं. म्हणे, "मावशी, तुम्ही तर याच लाइनीतल्या. तुम्हाला आम्ही काय सांगायचं?" मला मावशी म्हणाला. याला मी खिडकीबाहेर तासन्‌तास उभं ठेवलंय, तेव्हा मॅडम मॅडम करत असायचा.

आणि खरी चीड त्याची नाही. हसू नकोस. मला हे माहीतच नव्हतं. मुद्रांक आणि नोंदणी मला शेवटच्या पैशापर्यंत तोंडपाठ. पण ही बाकीची यादी दस्तात नसते, म्हणून ती कधी माझ्या टेबलावर आली नाही, आणि माझ्या टेबलावर जे आलं नाही ते मी जगात धरलंच नाही. तेहेतीस वर्षं लोक खिडकीशी कळवळून सांगत होते की मॅडम, वरचा खर्च फार झाला. मला वाटायचं रडतात. आता मी घराची किंमत जुळवून बसले आणि वरच्या खर्चाला हात रिकामे. सवलत मिळाली तर वाचलेल्या शुल्कात हे सगळं बसतं. नाही मिळाली तर बसत नाही. तीस नोव्हेंबरच्या आत नोंदणी झाली नाही तर बुकिंग रद्द आणि भरलेल्या पैशातून चौथा हिस्सा कापणार. ही अट मात्र बुकिंगच्या करारात आहे आणि मी ती वाचूनच सही केली.

तेव्हा हट्ट सोड. कागद पुन्हा पाठवते आहे, शेवटच्यासकट. रेघ खोडून टाकली आहे.

ताई


ता. ७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझा नवरा येऊन गेला. तू पाठवलंस की आपणहून आला ते त्याने सांगितलं नाही. मी दर रविवारी साइटवर जाते, फरशा मोजते, नळ सोडून बघते. तिथेच आला. केस पिकलेत त्याचे. मी "या" म्हटलं. त्याने मला सोडून आधी भिंतींना नमस्कार केल्यासारखा एकेकीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"इथं पोकळ आहे," म्हणाला. "आणि या कोपऱ्यात पुट्टी ओली असतानाच रंग फासलाय. वर्षाच्या आत पोपडे धरतील."

"सर, त्याची वॉरंटी आहे," पोपटीण म्हणाली.

"कागदावर आहे का?"

तिने हातातली फाइल उघडून परत मिटली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आणि तुझा नवरा एका बाजूला उभे होतो. ते मला मुळीच आवडलं नाही.

पोपटीण गेल्यावर आम्ही रिकाम्या हॉलमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर बसलो. मी विचारलं, सह्यांचं काय झालं. तो म्हणाला, "ती सध्या वाचतेय. हल्ली ती सगळंच वाचते. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा. पोरीच्या सहलीच्या परवानगीवर सही करायला दोन दिवस लावायची. वर्गात हसायचे पोरीला."

मी म्हटलं, चांगली सवय आहे. त्यावर त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मग मी विचारलं नसताना तो सांगत बसला. अकरा वर्षांत सहा घरं बदलली म्हणे. दरवेळी कळकट खोल्या घ्यायच्या, कारण त्या स्वस्त. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने रंग आणून त्याने त्या लख्ख करायच्या. दीड-दोन वर्षं झाली की मालक येणार, भिंती बघणार, आणि जागा एवढी छान दिसते म्हणून भाडं वाढवणार. की निघाले हे पुढच्या कळकट खोल्यांकडे! सहा वेळा! मी म्हटलं, "अहो, दुसऱ्यांदा तरी शहाणपण यायचं होतं. रंगवायचं नाही."

"तिला कळकट भिंती बघवत नाहीत," तो म्हणाला.

या माणसाला मी पहिल्यापासून मूर्ख समजत आले आहे आणि माझं मत बदललेलं नाही. पण ते ऐकून मी उगाच फरशा पुन्हा मोजायला लागले.

उठताना म्हणाला, "नोंदणीला ती येईल. तुम्ही म्हणाल तिथं सही करेल. फक्त तो शेवटचा कागद नाही."

"म्हणजे अर्धं घर तिला फुकट?"

त्याने पँटवरचं सिमेंट झटकलं. "फुकट नाही, ताई," म्हणाला, आणि लिफ्ट चालू असताना जिन्याने उतरून गेला.

तेव्हापासून मी संतापाने धुमसते आहे. मी काय पाप केलंय? तू मनाला येईल तेव्हा लग्न करून गेलीस, आणि बाबांचं दुखणं सात वर्षं मी काढलं. ऑफिसातून येऊन त्यांची अंथरुणं बदलायची, सकाळी पुन्हा बदलून ऑफिस गाठायचं. तू महिन्यातून एकदा यायचीस, त्यांच्या उशाशी बसून गप्पा मारायचीस, आणि ते आठवडाभर तुझंच कौतुक करायचे. मला ते फक्त "पाणी दे" म्हणत. बाबांची जागा मी कष्टाने मिळवली, असं मला वाटलं तर काय चुकलं? तुझ्या हातात वाटा पडला असता तर या रंगाऱ्याने तो उधळला असता. असं मी धरून चालले होते.

आपलं शेवटचं बोलणं आठवत नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. आठवतं.

अठ्ठावीस तारखेला अकरा वाजता ये. शेवटचा कागद आणणार नाही. याला हार समजू नकोस आणि चांगुलपणा तर त्याहून समजू नकोस. तू आली नाहीस तर घर जातं, चौथा हिस्सा जातो आणि मी पिशव्यांसकट पार्लरच्या पायरीवर. आलीस तर अर्धं तरी राहतं. दुसरा मार्ग असता तर मी तुला हे लिहिलं नसतं.

ताई


ता. १ डिसेंबर

धाकटे,

घराचा ताबा मिळाला. किल्ल्यांचा जुडगा देताना बिल्डरने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. त्यात तो हसतोय आणि मी 'इतर'ची पावती मागते आहे.

तू त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मीही तिथे काही बोलले नाही. आता बोलते. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

चौऱ्याऐंशी पानं तू तिथे खुर्चीत बसून वाचलीस. बोट फिरवत, एकेक ओळ. मागे रांग लागली, लोक चुळबुळायला लागले, एक जण म्हणाला, "अहो बाई, सगळ्यांचं सारखंच असतं." तू मान वर केली नाहीस. माझ्या जागेवर आता चष्मा लावलेला एक तरुण बसतो. तोही घड्याळाकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला: मजकूर वाचला का, समजला का, कुणाच्या दबावाने सही करत नाही ना? आणि तू म्हणालीस, "या वेळी वाचलाय."

त्याला त्यात काही वाटलं नाही. त्याने शिक्का मारला. मी मात्र समोरच्या भिंतीवरचं दरपत्रक वाचत उभी राहिले, जे मीच कधीतरी टाइप केलेलं आहे.

तेरा वर्षांपूर्वी हा प्रश्न तुला कुणी विचारला नव्हता. मी विचारू दिला नाही. आपलाच दस्त म्हणून मला खिडकीवर बसता येत नव्हतं, तर मी शेजारच्या बाईंना सांगितलं, घरचंच आहे, आटपून टाका. तुला मी सांगितलं होतं की बाबांच्या जागेवर दोघींची नावं चढवायचे कागद आहेत. तू ऑफिसात धावतपळत आलीस. पोरगी कडेवर होती. तू पेन हातात घेऊन म्हणालीस, "ताई, तू वाचलंस ना? मग झालं."

मी ते नुसतं वाचलं नव्हतं, लिहिलंही होतं. तुझा वाटा तू मला सोडून देतेस, प्रेमापोटी. छापील नमुना खरा, पण त्यात तुझं नाव मी माझ्या हाताने भरलं.

दोन वर्षांनी तुम्ही पोरीच्या नावाने एक खोली घ्यायला निघालात आणि वाट्याचं विचारायला आलात, तेव्हा जागा विकून पैसे मी बँकेत टाकून झाले होते. तू एवढंच म्हणालीस की असं कसं होईल, मी तर सही केली होती. आणि मी म्हटलं, "वाचून सही करायची असते." तीन नंबरच्या खिडकीतला आवाज काढून म्हटलं. तू उठलीस, पोरीला चप्पल घातलीस आणि गेलीस. हे आपलं शेवटचं बोलणं.

जन्मभर मी न वाचता सही करणाऱ्यांना नावं ठेवली. त्यातली एकच सही माझ्या फायद्याची होती आणि ती करणारीला मी सगळ्यात जास्त नावं ठेवली. आणि ऑक्टोबरात पुन्हा तोच कागद, त्याच गठ्ठ्याच्या तळाशी, तुलाच पाठवला. मी ठरवून लबाडी केली असती तर निदान काही डोकं चालवलं असतं. हात आपोआप तिकडे गेला गं. त्याचीच मला जास्त शिसारी येते.

तुझ्या नावावर घर नाही म्हणून मला सवलत मिळाली. तुझ्या नावावर घर का नाही, ते त्या ऑफिसात फक्त दोघींना माहीत होतं. पोपटीणने मला चार वेळा अभिनंदन म्हटलं. इतकी फालतू बाई तिला दुसरी भेटणार नाही.

तेव्हा चोरी केली, असं साध्या भाषेत लिहिते. खाली सही करते आणि तारीख घालते. हा कागद जपून ठेव. कुठल्याही वकिलाला दाखवलास तर त्याला पुरेल. बाबांच्या जागेतल्या तुझ्या वाट्याचे त्या वेळी जे पैसे झाले असते, त्यात आज या घराचा अर्धा भाग जवळजवळ येतो, पण पुरता येत नाही. मी आकडेमोड केली आहे, मागच्या पानावर आहे. तपासून बघ.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते मला जमत नाही. इतक्या वेळा 'प्रेमापोटी' टाइप केलंय की चांगला शब्द लिहिताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

ताई


ता. ५ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांत पहिलं, आणि पाच ओळींचं. पाठ झालंय. "ताई, पत्र दोनदा वाचलं. माफीचं मला अजून काही ठरवता येत नाही. माझा अर्धा भाग मी सोडत नाही आणि तिथं राहायलाही येत नाही. तू तो वापरतेस, त्याचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला पाठव. किती ते तू ठरवू नकोस, मी चौकशी करून खाली लिहिलंय."

आकडा बघून माझा तिळपापड झाला. तीन ठिकाणी फोन करून त्या भागातलं भाडं विचारलं. बरोबर निघालं. एक पैसा जास्त लावलेला नाहीस आणि एक पैसा सोडलेला नाहीस. असली चोख माणसं माझ्या ऑफिसात असती तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं.

कोपऱ्यातल्या भिंतीला पोपडे धरले, वर्ष कशाला, पहिल्या महिन्यातच. पोपटीण फोन उचलत नाही. जावईबापूंना सांगू नकोस, त्यांना आनंद होईल. किंवा सांग.

सोबत पहिल्या महिन्याचा चेक आहे. बँकेतून दर महिन्याला परस्पर पैसे जायची सोय करता येते, त्यात कुणालाच कुणाला काही लिहावं लागत नाही. बँकेतला माणूस फार आग्रह करत होता. त्याला मी नको म्हणून सांगितलं. मी पोस्टानेच पाठवणार. भाडं घेतलं की पावती देणं मालकाचं काम असतं, तेव्हा तू दर महिन्याला सही करून पावती पाठवायची. बारा पावत्या टाइप करून सोबत ठेवल्या आहेत. नीट वाचून घे. सहीच्या खाली मी मुद्दाम चार बोटं जागा मोकळी सोडली आहे. तिथे काही लिहिलंस तर त्याला शुल्क पडत नाही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझ्या अर्ध्या घरात भाड्याने राहणारी,
ताई